कान, टोपी, पट्टा

सांता रुफिना साखर कारखाना,
शनिवार, ९ जानेवारी १९८८

एवेलिओ,

योस्बेलला पिचर कधी बदलायचा ते कळत नाही.

अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बहिणीने आधी तब्येतीची चौकशी करावी, हे मलाही कळतं. पण तू ठणठणीत आहेस हे तुझी मिर्ता दर नववर्षाच्या कार्डात कळवते, आणि माझी तब्येत तू कधी विचारली नाहीस. तेव्हा मुद्द्यावर येते.

लेओवेल म्हणून एक डावखुरा पोरगा आपल्याकडून चेंडू टाकतो, बॉयलरवर कामाला आहे. सहा इनिंग त्याच्या चेंडूला कोणी हात लावू शकत नाही. सातव्या इनिंगला त्याचा कोपर खांद्याच्या खाली येतो. बोटभरच, पण येतो. मग चेंडू वळायचा थांबतो आणि समोरच्याला ताटात वाढल्यासारखा मिळतो. परवा तीन-शून्य पुढे होतो आम्ही. सातव्याला कोपर खाली आला, मी तिसऱ्या बाकावरून घसा फोडून ओरडले, आणि मॅनेजर महाराज हाताची घडी घालून उभे! सात-तीन हरलो.

हो, मॅनेजर योस्बेलच. तुझा योस्बेल. गेल्या पावसाळ्यापासून कारखान्याचा बेसबॉल संघ त्याच्याकडे आहे. केस पांढरे व्हायला लागलेत, पण तिसऱ्या बेसपाशी उभा राहून खुणा करतो त्या अजून बाबांच्याच. तू मॅनेजर असताना शिकवलेल्या.

कॅचर निकानोरबद्दल लिहू नये, कागद खराब होतो. दहा वेळा बॅट घेऊन जातो, आठ वेळा रिकाम्या हाताने परत येतो आणि उरलेल्या दोन वेळा चेंडूच त्याच्या बॅटवर येऊन आपटतो. त्याला काढा म्हणून मी रोज सांगते. रुपेर्तोच्या केशकर्तनालयात अजूनही मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट भरतं. अर्ध्या गालावर साबण घेऊन माणसं भांडतात. परवा रुपेर्तो मला म्हणाला, "एनेइदा, तुला दाढी नाही, केस तू घरी कापतेस, मग खुर्ची कशाला अडवतेस?" मी म्हटलं, "तुझ्या गिऱ्हाइकांना अक्कल कापून मिळत नाही, ती द्यायला बसते."

एक गोष्ट स्पष्ट करते. मी माफी मागायला लिहीत नाहीये. सत्त्याहत्तरच्या फायनलमधला तुझा तो बंट चुकीचाच होता आणि अजूनही चुकीचाच आहे. पण योस्बेल तुझं ऐकेल, माझं ऐकत नाही. त्याला कोपराबद्दल दोन ओळी लिही. हिकाकोचा संघ यंदा जोरात आहे.

तुझी ताई,
एनेइदा

रविवार, ३१ जानेवारी

एवेलिओ,

तुझं उत्तर नाही. मिर्ताचं आलं. ती लिहिते की तू माझं पत्र वाचताना मध्येच टेबलावर हात आपटून "चूक!" असं ओरडलास, मग घडी घालून कपाटात ठेवलंस आणि बागेत निघून गेलास. तुमच्या बेटावरच्या त्या कडू फळांना पाणी घालायला. कोणत्या ओळीला ओरडलास ते तिला कळलं नाही. मला वाटतं, निकानोरला. तू नेहमीच मंद कॅचर पाठीशी घालायचास.

ठीक आहे. फोन असता तर तू आपटला असतास. पत्र आपटता येत नाही.

काल रुपेर्तोकडे बंटवरून जुंपली. योस्बेलने या हंगामात एकदाही बंट करायला सांगितलेलं नाही. एकदाही! दोन मॅच आपण एकेका धावेने हरलो. रुपेर्तो म्हणाला, "बंट हा गरिबाचा हक्क आहे. मोठा फटका नसेल तर चेंडू हळूच पुढ्यात पाडा, आपला माणूस बळी द्या आणि पुढच्याला सरकवा."

"बॅट आडवी धरून चेंडूला नुसतं टेकवायचं," मी म्हटलं, "आणि स्वतः मुकाट्याने बाद व्हायचं, हा काय खेळ झाला? सत्तावीस आऊट मिळतात एका मॅचला. त्यातला एक स्वतःच्या हाताने देऊन टाकायचा?"

"निकानोर तर रोज चार देतो, तेही फुकट," कोणीतरी साबणातून बोललं. मला हसू आवरेना.

माझं मत तुला पाठ असेल, तरी लिहिते. दुबळ्या बॅटवाल्याला बंट सांगा, हरकत नाही. पण नवव्या इनिंगला, एका धावेने मागे असताना, पहिल्या-दुसऱ्या बेसवर आपली माणसं, एकही आऊट नाही, आणि बॅट योस्बेलच्या हातात, ज्याने त्या आठवड्यात तीन होमरन मारले होते! त्याला बंट? माझ्या जागी कोणीही असतं तर त्याला वेड लागलं असतं. आता तिसऱ्या बेसवरचा त्यांचा मेल्किआदेस नेमका तेव्हाच चार पावलं पुढे का आला, हे देवाला ठाऊक. नशीब तुझं.

लेओवेलचा कोपर परवा सहाव्याच इनिंगला खाली आला. योस्बेलला लिहिलंस का?

ताई

शनिवार, २७ फेब्रुवारी

एवेलिओ,

गळीत हंगाम ऐन भरात आहे आणि प्रयोगशाळेत मी आणि एक बिघडलेला पंखा, एवढेच. रसाचे नमुने तपासत होते तर दारात योस्बेल. टोपी हातात.

"मावशी, जरा ती वही दाखवता?"

"कुठली वही?"

"आख्ख्या कारखान्याला माहीत आहे कुठली. ज्यात तुम्ही आमचे दोष लिहिता ती."

मी दाखवली. प्रत्येक मॅचला लेओवेलचा कितवा चेंडू, कोपर कुठे, मग काय झालं, सगळं रकान्यांत. वीस वर्षं रसातली साखर रोज उतरताना मोजतेय, माणसाचा दम मोजणं काय अवघड आहे? त्याने बराच वेळ वाचलं. म्हणाला, "ओरडण्याऐवजी हे आधी दाखवलं असतं तर?"

"ओरडणं फुकट मिळतं. वही मागावी लागते."

हसला. एवेलिओ, तो अजून तसाच हसतो, आधी डोळ्यांनी. गुरुवारी त्याने लेओवेलला बरोब्बर सहाव्यानंतर बसवलं आणि आपण जिंकलो. रुपेर्तोकडे मी खुर्चीत पाय लांब करून बसले होते. कोणाची टाप नव्हती उठवायची.

पण जाता जाता मी त्याला विचारलं होतं, "बंट का नाही रे सांगत कोणाला? मला आवडत नाही म्हणून?"

तो टोपी फिरवत उभा राहिला. "मी तो चेंडू जरा जोरात टेकवला, मावशी," म्हणाला. "मास्तरांची खूण बरोबर होती. सगळ्या गावाने त्यांना दोष दिला, ते गाव सोडून गेले, आणि चूक माझ्या मनगटाची होती. आता दुसऱ्या कोणाला बंट कर म्हणून सांगायला माझा हात वर होत नाही."

अकरा वर्षं, एवेलिओ. तो अकरा वर्षं हे घेऊन फिरतोय, आणि मी रोज त्याला शेजारून जाताना बघते.

तो गेल्यावर एकच नमुना मी तीनदा तपासला. तीन वेगळे आकडे आले. माझ्या हातून असं कधी होत नाही.

त्या फायनलच्या वेळी बाकांवरून कोणीतरी ओरडलं होतं, असं म्हणतात. शंभर माणसं ओरडत असतात. माझ्या वहीत त्या मॅचचा नववा रकाना कोरा आहे. मी तेव्हा लिहीत नव्हते.

ताई

रविवार, २० मार्च

एवेलिओ,

सेमीफायनल जिंकलो, आठ-दोन. आद्रिएल नावाच्या मुलाने मारलेला होमरन डावीकडच्या कुंपणावरून उसाच्या आगगाडीच्या चालत्या वाघिणीत पडला आणि उसाबरोबर चरकाकडे निघून गेला. चेंडू परत मिळवायला सहा माणसं रुळांवरून धावली. इतकं हसले की शेंगदाण्यांचा पुडा हातातून पडला. आद्रिएल या हंगामातला आपला सगळ्यात चांगला बॅटवाला आहे, यावर माझं आणि रुपेर्तोचं एकमत आहे. लिहून ठेव, पुन्हा होणार नाही.

फायनल सतरा एप्रिलला, इथेच, हिकाकोशी.

आता दुसरी गोष्ट. तीनदा कागद फाडलाय, चौथ्यांदा लिहिते.

ती ओरडणारी मी होते.

तू तिसऱ्या बेसपाशी उभा होतास. उजवा कान, टोपीचा शेंडा, पट्ट्याचं बक्कल. कान, टोपी, पट्टा. बाबा जेवताना याच खुणांनी घेवड्याचं भांडं मागायचे आणि पट्ट्याला हात लावला की आपण दोघांनी मुकाट उठायचं. आख्ख्या मैदानात तुझ्या खेळाडूंशिवाय त्या खुणा वाचू शकणारी मी एकटी होते. आणि मी वाचल्या. मेल्किआदेस लांब मागे उभा होता, गवताच्या कडेला, कारण योस्बेल बंट करील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तुझी सगळी युक्ती तीच होती, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. त्याऐवजी मी बाकावर उभी राहून ओरडले, "एवेलिओ, योस्बेलला बंट करायला लावतोस? डोकं फिरलं की काय तुझं!"

चरकांच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज कसा झालाय, तुला माहीत आहे. मेल्किआदेसने माझ्याकडे बघितलं. हसला. आणि चार पावलं पुढे आला. चेंडू सरळ त्याच्या हातात. त्याने तिसऱ्या बेसवर धावत आलेल्या त्यांच्या शॉर्टस्टॉपकडे फेकला, तिथून पहिल्या बेसवर, दोन माणसं बाद. मग तिसरा उंच झेल. संपलं.

आवाज सरळ पुढे मैदानात गेला; आजूबाजूच्यांना मात्र मी नेमकं काय ओरडले ते कळलं नाही, मागेच ढोल वाजत होते. दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणू लागलं की एवेलिओचा बंट मूर्खपणाचा होता. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात, पण दुसऱ्यांच्या तोंडून. मला ते गोड लागलं. खरं लिहायचं तर खूप गोड लागलं. रुपेर्तोने दुकानातल्या मॅनेजरांच्या रांगेतला तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला, तेव्हाही मी काही बोलले नाही. तू सामान बांधलंस, तेव्हाही नाही. लहानपणापासून मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, हे कोणीतरी एकदा म्हणावं एवढीच माझी इच्छा होती, आणि ती अशी पुरी झाली.

आता योस्बेलला सांगायला हवं. फायनलनंतर सांगीन. आधी सांगितलं तर त्याचं मन मॅचमध्ये राहणार नाही. ही पळवाट आहे असं तुला वाटेल. थोडी आहे.

तू ये. तिसऱ्या बेसमागचा तिसरा बाक. मी जागा धरून ठेवीन. आलास आणि बोलला नाहीस तरी चालेल.

एनेइदा

सोमवार, १८ एप्रिल

एवेलिओ, अरे एवेलिओ,

तू आला नाहीस. तुझ्या जागेवर माझी पिशवी बसली होती आणि तिने सगळं बघितलं. तिच्यापेक्षा मी चांगलं सांगते.

सहा इनिंगपर्यंत तीन-एक पुढे. सहाव्यानंतर योस्बेलने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने लेओवेलला बसवलं. नवा पिचर आला आणि आठव्या इनिंगपर्यंत त्याने चार धावा वाटल्या. पाच-तीन मागे! ही सूचना कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागून रुपेर्तो ओरडला, "एनेइदा, कोपर कसा आहे आता?" मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. माझा कोपर त्याच्या नाकापासून फार लांब नव्हता, एवढंच सांगते.

आठव्याला आपली एक धाव झाली. पाच-चार. नववी इनिंग, आपली बॅट. पहिल्याने फटका मारला, दुसऱ्याला चार वाईट चेंडू मिळून पहिला बेस फुकट मिळाला. पहिल्या-दुसऱ्या बेसवर आपली माणसं. एकही आऊट नाही. एका धावेने मागे. आणि बॅट घेऊन आला आद्रिएल.

तेच मैदान, तोच संघ समोर, तीच इनिंग. लोक "वाघिणीत! वाघिणीत!" म्हणून नाचत होते. हिकाकोचा तिसऱ्या बेसवाला मागे मागे जात गवताच्या कडेला उभा राहिला.

योस्बेल तिसऱ्या बेसपाशी. बराच वेळ नुसताच उभा. मग हात वर गेला. कान. टोपी.

पट्टा.

एवेलिओ, माझ्या पोटातून ते वाक्य उठलं. शब्दन् शब्द तेच. आद्रिएलला बंट? गळ्यापर्यंत आलं. मला अजूनही वाटत होतं की हे चूक आहे! पिशवीत उसाचं एक कांडं होतं, सकाळी विहिरीपलीकडून तोडलेलं. ते सोललंही नाही, तसंच आडवं दातांत धरलं आणि आवळलं. शेजारचा माणूस म्हणाला, "मावशी, बरं वाटत नाही का?" मी मान हलवली. रस हनुवटीवरून गळ्यात उतरत होता.

चेंडू सुटला. आद्रिएलने शेवटच्या क्षणी बॅट आडवी केली. काय बंट होता तो! तिसऱ्या बेसच्या रेघेजवळून चेंडू असा निवांत चालत गेला, जेवण झाल्यावर माणूस अंगणात फिरतो तसा. तिसऱ्या बेसवाला लांबून धापा टाकत आला, उचलेपर्यंत आपली दोन्ही माणसं पुढे पोचली होती. त्याला फक्त आद्रिएलला पहिल्या बेसवर बाद करता आलं. दुसऱ्या-तिसऱ्यावर माणसं, एक आऊट.

आणि पुढचा बॅटवाला कोण? निकानोर.

मी डोळे मिटले. जानेवारीपासून ज्याला काढा म्हणत होते, तो. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला असा आवाज आला की मी डोळे उघडले, आणि चेंडू उजवीकडे गवतात पळत होता, एक माणूस घरी, मागून दुसराही घसरत, धुरळ्यात, घरी! सहा-पाच! एवेलिओ, सहा-पाच! ढोल, घंटा, बायका, पोरं, सगळे मैदानात. कारखान्यातल्या कासिमिरोने भोंगा वाजवला आणि पाळी संपली समजून शेतातले तोडणीवाले कोयते टाकून आले. मी निकानोरला गाठलं आणि त्याच्या दोन्ही गालांची पापी घेतली. तो म्हणाला, "मावशी, आता मला काढू नका म्हणून सांगाल ना?" मला बोलता येईना, ऊस अजून तोंडात होता.

आज सकाळी रुपेर्तोकडे कोर्ट भरलं. योस्बेल मधल्या खुर्चीत, गालाला साबण. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, एक शब्दही कमी न करता.

रुपेर्तो म्हणाला, "मी हा वस्तरा आधी खाली ठेवतो," आणि खरंच ठेवला.

योस्बेल आरशातून माझ्याकडे बघत होता. "म्हणजे मी जोरात नव्हता टेकवला?"

"नाही रे बाळा. माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्याहून हलका कोणालाच जमला नसता. मी तोंड मिटलं असतं तर तू तेव्हाच जिंकवलं असतंस."

त्याने टॉवेलमध्ये तोंड घातलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, आणि रडतही होता, पण वर बघितलं तर हसत होता. "अकरा वर्षं," म्हणाला, "अकरा वर्षं मी घराच्या मागच्या भिंतीपाशी बंटचा सराव करतोय, मावशी! बायको मला वेडा म्हणते! आद्रिएलला मी दुसरं काही शिकवूच शकलो नाही!"

मग दुकानात जो हशा उठला तो कारखान्याच्या दारापर्यंत गेला असेल. मला मात्र एवढ्यात सोडणार नव्हते. पुढचा हंगामभर खुर्चीत बसायची बंदी. उभी राहून बोलायचं. मला मान्य आहे.

रुपेर्तोने तुझा फोटो सुलटा केला. एवेलिओ, शेजारचे सगळे मॅनेजर उन्हाने पिवळे पडलेत. तू भिंतीकडे तोंड करून होतास म्हणून कालच काढल्यासारखा ताजा आहेस. एकोणचाळीस वर्षांचा, कपाळावर आठी. मी बराच वेळ बघत राहिले. मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, तिथे मी पिचरबद्दल लिहिलं.

मला माफ कर.

ताई

ला फे, बेटावरून
सोमवार, २ मे

ताई,

तुझं मार्चचं पत्र मला फायनल झाल्यावर दोन दिवसांनी मिळालं. समुद्र खवळला होता, बोटी बंद होत्या. वेळेवर मिळालं असतं तर मी आलो असतो की नाही, मला माहीत नाही. नंतरचं पत्र मिर्ताने मोठ्याने वाचलं. उसाच्या कांड्यापाशी तिला पुढे वाचता येईना, मग मी वाचलं, मग मलाही येईना.

मी "चूक!" ओरडलो ते निकानोरला नाही. तू लिहिलंस ना, की तो बंट चुकीचाच होता आणि अजूनही चुकीचाच आहे, त्या ओळीला ओरडलो. आणि बागेत गेलो ते त्या ओळीमुळेच. कारण सांगतो. तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही.

ढोल वाजत होते तरी तुझा आवाज मला ऐकू आला. तुझा आवाज मला ऐकू येणार नाही, असं कधी झालंय? तू ओरडलीस तेव्हा पिचरने चेंडू टाकायला अजून सुरुवातही केली नव्हती. मेल्किआदेस पुढे आलेला मला दिसला. चार नाही, पाच पावलं. तुला आठवत असेल, छातीवरून हात फिरवला की खूण पुसली जायची. बाबांनी मागितलेलं भांडं तसा हात फिरवून नको म्हटलं की आपण म्हणायचो, पुसलं. मला एवढंच करायचं होतं. छातीवरून एकदा हात. मग योस्बेलने सरळ बॅट फिरवली असती आणि चेंडू पुढे आलेल्या मेल्किआदेसच्या डोक्यावरून गेला असता.

हात अर्धा वर आला होता, ताई. मग मनात आलं, आता खूण पुसली आणि जिंकलो, तर ही जन्मभर सांगत फिरेल की भावाने माझं ऐकलं म्हणून जिंकलो.

मी हात खाली घेतला.

गावाने दोष दिला म्हणून मी गेलो नाही. गाव दोष देतंच, त्यासाठीच मॅनेजर असतो. तुझ्यासमोर जेवायला बसल्यावर एक दिवस हे तोंडून निघेल, या भीतीने गेलो. तुला वाटत होतं मी रागावलोय. तुला तसं वाटू देणंच मला बरं वाटलं.

तुझ्या ओरडण्याने मॅच गेली नाही. माझ्या हाताने गेली. योस्बेलला हे मी स्वतः सांगायला हवं, पत्राने नाही.

वहीतला तो नववा रकाना अजून कोरा आहे का?

एवेलिओ

शनिवार, १४ मे

एवेलिओ,

म्हणजे बंट चुकीचाच होता! पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की नाही?

तुझं पत्र घेऊन मी तडक रुपेर्तोच्या दुकानाकडे निघाले होते. वाचून दाखवायचं, खुर्ची परत मिळवायची. दारापर्यंत गेले. आत योस्बेल कोणाला तरी हातवारे करून बंट शिकवत होता, तुझा फोटो वरून बघत होता. मी परत फिरले. ते तुझं तू सांग. मला या आयुष्यात एकदा तरी गप्प बसायची सवय लागू दे.

पत्र मी पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा खूप राग आला, तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की शेजारीण भांडं घेऊन बघायला आली. बाबा असते तर दोघांना पट्ट्याची खूण करून जेवणावरून उठवलं असतं.

रकाना आज भरला. चूक, बहिणीची एक, भावाची एक. शाई वाळली.

बुधवारची बोट पकड. मिर्तालाही आण. बाताबानोच्या धक्क्यावर मी असेन, तुला न ओळखण्याचं नाटक करीन, ते मनावर घेऊ नकोस. घेवडा-भात करून ठेवते. योस्बेल म्हणतो, पुढच्या हंगामात तिसऱ्या बेसपाशी मास्तरांनी उभं राहावं, बाकीचं सगळं मी बघतो. तू हो म्हणशील, मला माहीत आहे.

फक्त बाबांच्या खुणा आता बदल. मला वाचता येणार नाहीत अशा कर. मी विचारीन, हट्ट करीन, घेवड्याचं भांडं हातात घेऊन बसीन, तरी सांगू नकोस.

तुझी
ताई